वरातीमागून डॉक्टर

उन्हाळी लग्नसराई लागली की नागपूरकडे एक वाद न चुकता पेटतो. पारा 45 अंशांच्या आसपास, डांबर चिकटायला लागलेलं, पुढे डीजेची भिंत आणि मागे नवरदेवाला पाठीवर घेतलेली घोडी. कुठेतरी ती कोसळते, कोणीतरी मोबाइल काढतो आणि रात्रीपर्यंत ती चित्रफीत काटोलपासून भिवापूरपर्यंत पोचलेली असते. मग ठरलेल्या तीन फळ्या उभ्या राहतात. पहिली म्हणते, वरातीत घोडी आणणंच बंद करा. दुसरी म्हणते, मालकाला आत टाका. तिसरी फळी सर्वांत मोठी. तिचा सवाल एकच, सरकारी डॉक्टर कुठे होता? तो उशिरा आला असेल तर हलगर्जी, आला आणि घोडी दगावली तर नालायक, आलाच नाही तर निलंबित करा. निवेदनं दिली जातात, एखादी ‘कारणे दाखवा’ नोटीस निघते, पाऊस पडतो आणि विषय संपतो.

या वादात कोणी खोटं बोलत नाही, पण प्रश्नच चुकीचा विचारला जातो. डॉक्टर आला का, हे कळलं की लोकांना वाटतं उलगडा झाला. तो आल्यानंतर त्याच्या पाठीशी कोण होतं, हे कोणी विचारत नाही. आणि घोडं पेंड खातं ते नेमकं इथे. माझं म्हणणं असं की खेड्यातल्या घोड्याच्या हाकेला जाणारा पशुवैद्यक पार एकटा पाडला गेला आहे. अडल्यावेळी विचारायला जाणकार माणूस, हाताशी योग्य साधन, आवाक्याबाहेर गेलेलं जनावर पाठवायला जागा आणि जनावर गेलंच तर निष्पक्ष चौकशी, यांतलं काहीही न देता त्याच्यावर कारवाई करणं म्हणजे विहिरीला पाणी लागलं नाही म्हणून दोराला फटके मारण्यासारखं आहे. हे सगळं उभं करण्याची ऐपत विदर्भात कोणात असेल तर ती नागपुरातच आहे.

मी जिल्हा परिषदेच्या दवाखान्यांत नोकरी काढून निवृत्त झालेला माणूस. जातभाईंची वकिली करतो, असा आरोप होईल. होऊ द्या, आधी जनावराकडे बघू.

गाय आणि घोडा यांच्यात बाहेरून दिसतो त्यापेक्षा आतून फार फरक आहे. गाईचं पोट फुगलं तर डाव्या कुशीत ट्रोकार म्हणजे टोकदार पोकळ नळी घालून वायू काढता येतो; हे काम कोणताही पशुधन विकास अधिकारी अर्ध्या झोपेतही करेल. घोड्याची गत निराळी. त्याला उलटी होत नाही. जठराच्या वरच्या तोंडाशी स्नायूंची पकड इतकी घट्ट असते की आत वायू किंवा पाणी साचत गेलं तर जठर फुटतं, पण साचलेलं वर येत नाही. म्हणून पोटात शूळ उठलेल्या घोड्याच्या नाकपुडीतून लांब नळी थेट जठरापर्यंत उतरवावी लागते. ही नळी अन्ननलिकेत गेली की श्वासनलिकेत, हे कळणं म्हणजे सगळी विद्या. घोडा गिळतो त्या क्षणी ती पुढे सरकवायची. मानेच्या डाव्या बाजूला कातडीखालून तिचं टोक सरकताना दिसलं पाहिजे. बाहेरच्या टोकाला तोंड लावून ओढलं तर अडथळा जाणवला पाहिजे. हवा सरळ येत असेल तर आपण फुप्फुसाच्या वाटेवर आहोत. तशा वेळी नळीतून औषध किंवा तेल सोडलं, तर शूळाने मेला नसता असा घोडा आपल्या हाताने मरतो.

गुंगीच्या औषधाचंही तसंच. झायलाझीन खेड्यातल्या प्रत्येक पशुवैद्यकाच्या ओळखीचं आहे. पण वजनाच्या हिशेबाने गाईला जेवढं पुरतं, त्याच्या सुमारे दहापट घोड्याला लागतं. वर्षभर गाई-म्हशींची मात्रा भरणारा हात सवयीने तिथेच थांबला तर घोडा गुंगत नाही, आणि डॉक्टर मात्र तो गुंगला असं समजून त्याच्या मागच्या पायाशी वाकलेला असतो. गुरांच्या आणि कोंबड्यांच्या खाद्यात घालतात ते मोनेन्सिन घोड्याच्या हृदयाला विष ठरतं. मालकाने स्वस्तात मिळालं म्हणून घोडीला डेअरीचं खाद्य टाकलं, हे विचारायचं सुचणं हीसुद्धा अनुभवाचीच गोष्ट. गाढव तर घोड्याहून वेगळं. ते दुखणं दाखवत नाही. दोन दिवस नुसतं मान खाली घालून उभं राहिलं तरी मालक म्हणतो, गाढव आहे, उभं राहणारच. आणि न खाल्ल्यामुळे त्याच्या रक्तात चरबी इतकी चढलेली असते की तिसऱ्या दिवशी उपाय उरत नाही.

पशुवैद्यकीय पदवीचा अभ्यासक्रम आंतरवासितेसह साडेपाच वर्षांचा. त्यात घोड्याचं शरीरशास्त्र आहे, औषधशास्त्र आहे, शस्त्रक्रिया आहे. नसतो तो घोडा. विद्यार्थ्याने शंभर गाईंच्या गुदमार्गात हात घातलेला असतो. घोड्याच्या नाकात नळी घालताना मात्र बहुतेकांनी लांबून बघितलेलं असतं, कारण दवाखान्यात आलेला एक घोडा आणि भोवती अख्खी बॅच. पुढे नोकरी लागते कुहीला किंवा नरखेडला, आणि पहिला घोडा येतो तो रात्री.

कुहीकडच्या एका गावातली गोष्ट सांगतो. नोकरीला नवा लागलेला एक मुलगा, हुशार, कामाला मागेपुढे न पाहणारा. रात्री त्याचा मला फोन आला. मागे मालकाचा आवाज ऐकू येत होता, “साहेब, सकाळपासून घोडी लोळून राहिली जी, काई खात नाई, पोटाकडंच पाहून राहिली.” मुलाने दुखण्याचं इंजेक्शन दिलं होतं, नाडी मोजली होती, हिरड्यांचा रंग पाहिला होता. दवाखान्यात घोड्याची नळी नव्हती. वासरांना दूध पाजायची होती, ती आखूड. मी ओळखीतून नागपुरातल्या एका खासगी डॉक्टरला उठवलं, मुलाने दुचाकीवर एक माणूस पाठवून नळी मागवली, आणि मग मोबाइल परिचराच्या हातात देऊन त्या अंगणात नळी उतरली. मी इकडून फक्त विचारत होतो: गिळली का? मानेत दिसली का? ओढून पाहिलं का? घोडी वाचली. पण ती वाचली ओळखीवर. त्या मुलाकडे माझा नंबर होता, माझ्याकडे दुसऱ्याचा होता, दुसऱ्याने फोन उचलला. या साखळीतली एक कडी निसटली असती तर दुसऱ्या दिवशी गावात ‘डॉक्टरला काही येत नाही’ एवढंच उरलं असतं. जिल्ह्यात ज्याच्याकडे असा नंबर नाही, त्याने काय करावं?

आता विरोधी बाजू. तिच्यातला सर्वांत वजनदार मुद्दा आकड्यांचा आहे आणि तो खरा आहे. 2019 च्या पशुगणनेत देशात घोडे आणि तट्टू मिळून साधारण 3.4 लाख भरले. 2012 मध्ये ते सव्वासहा लाखांच्या घरात होते. म्हणजे सात वर्षांत जवळजवळ निम्मे गेले. गाढवं तर साठ टक्क्यांहून जास्त घटून सव्वा लाखाच्या आसपास आली. त्याच गणनेत गोवंश 19 कोटींवर आणि म्हशी सुमारे 11 कोटी. पशुसंवर्धन खात्याचा पैसा मर्यादित, दवाखान्यांतली पदं रिकामी, लाळ्या-खुरकूत आणि लम्पीने गोठे गाठलेले. अशा वेळी घोड्यासाठी वेगळी सोय मागणं ही चैन नाही का?

संख्या हाच निकष असेल, तर नागपुरात राहून तरी तो कोणी मांडू नये. 2022 च्या अंदाजानुसार देशात वाघ 3,682. त्यांच्यासाठी सेमिनरी हिल्सवर वनखात्याचं ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर आहे, गोरेवाड्याला वन्यजीव संशोधन आणि प्रशिक्षण केंद्र आहे. विहिरीत बिबट पडला तर पथक निघतं: गुंगीची बंदूक चालवणारा वेगळा, पिंजरा वेगळा, गर्दी हटवायला पोलीस, आणि सगळ्यांना पाठ असलेली कार्यपद्धती. यातलं काहीही चूक नाही, उलट अभिमान वाटावा असं आहे. पण यावरून सिद्ध काय होतं? जनावर दुर्मीळ असलं की सामान्य पशुवैद्यकाच्या एकट्याच्या भरवशावर ते सोडायचं नसतं, हे आपल्याला चांगलं कळतं. घोड्याबाबत आपण नेमका उलटा निष्कर्ष काढतो. जनावरं कमी, म्हणून अनुभव कमी. अनुभव कमी, म्हणून चुका जास्त. आणि चुका जास्त झाल्या की म्हणायचं, इतक्या थोड्या जनावरांसाठी कशाला खर्च. तालुक्यात चारशे घोडे असते तर प्रत्येक डॉक्टर आपोआप तयार झाला असता. ते नाहीत म्हणूनच त्याला बाहेरून आधार लागतो. प्रत्येक तालुक्याला अश्वतज्ज्ञ नेमा असं कोणी शहाणा म्हणणार नाही. एक तज्ज्ञ अनेक तालुक्यांना पुरवा, एवढंच म्हणायचं आहे.

इथे घोड्याच्या बाजूने बोलणारे बरेचदा सर्पदंशाचा मुद्दा काढतात. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं यांच्या विषावरचं जे प्रतिविष धानाच्या बांध्यात दंश झालेल्या माणसाला ग्रामीण रुग्णालयात टोचलं जातं, ते घोड्याच्या रक्तातून तयार होतं. हाफकिनसारख्या संस्थांनी त्यासाठी घोडे पाळले. गोष्ट खरी आहे, पण ते घोडे संस्थेचे, त्यांना डॉक्टर असतोच. वरातीच्या घोडीचा हक्क त्यावरून सिद्ध होत नाही. मला तो मुद्दा भावनिक वाटतो आणि त्याची गरजही वाटत नाही, कारण त्याहून भक्कम मुद्दा हाताशी आहे: ग्लँडर्स.

ग्लँडर्स हा घोडा, गाढव, खेचर यांचा जिवाणूजन्य रोग. नाकातून चिकट स्राव, अंगावर गाठी, गाठी फुटून व्रण. तो माणसाला होतो आणि जीव घेऊ शकतो. जनावराला किंवा माणसाला त्यावर लस नाही. इंग्रजांनी 1899 मध्ये त्याच्यासाठी स्वतंत्र कायदा केला होता, आज तो 2009 च्या प्राण्यांमधील संसर्गजन्य रोगांच्या कायद्याखाली येतो. बरीच वर्षं दबून राहिलेला हा रोग 2006 मध्ये देशात पुन्हा उफाळला आणि त्याची सुरुवात दिसली ती आपल्याच महाराष्ट्रात. आता प्रत्यक्ष काम कसं चालतं ते बघा. संशय आला की रक्तजल काढायचं, ते हरियाणात हिस्सारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राकडे जायचं, म्हणजे नागपूरहून रस्त्याने हजार किलोमीटरच्या पुढे. अहवाल येईपर्यंत घोडं वेगळं बांधायला सांगायचं. ज्याचं घर त्या एका घोडीवर चालतं त्याला ऐन मोसमात हे सांगणारा माणूस कोण? तोच एकटा डॉक्टर. अहवाल बाधित आला तर उपचार करायचे नाहीत, जनावर कायमचं शांत करायचं, ही कायद्याची रीत. ते औषध शिरेत सोडणारा हात कोणाचा? त्याचाच. भरपाईची तरतूद आहे, पण ती मंजूर होऊन मालकाच्या हाती पडेपर्यंतचे दिवस डॉक्टरला त्याच गावात काढायचे असतात. आणि ज्या स्रावाने माणूस मरू शकतो, तो घेताना त्याच्या हातात धड हातमोजे आणि तोंडावर धड मुखपट्टी आहे का, हे तपासायला वरून कोणी येत नाही.

अशा माणसाने काय करावं अशी आपली अपेक्षा आहे? संशय आला तर त्याने तो बोलून दाखवावा. पण बोलला तर गाव अंगावर येणार, खातं कागद मागणार, जत्रा बंद होणार. गप्प राहिला तर कोणाला कळणारही नाही. गप्प बसण्यातच सोय असेल अशी रचना आपण करून ठेवली आहे. सारंगखेड्याच्या यात्रेत देशभरातून घोडे येतात, माळेगावच्या यात्रेत घोडे-गाढवं येतात, जेजुरीला आणि मढीला गाढवांचा बाजार भरतो. तिथून जनावर कुठे कुठे जातं याचा विचार केला म्हणजे तालुक्याच्या डॉक्टरच्या पाठीशी उभं राहणं ही केवळ घोडेवाल्यांची सोय राहत नाही. तुमच्या-माझ्या आरोग्याचा प्रश्न होतो.

गंमत अशी की हा व्यवसाय जन्मला तोच घोड्याच्या पोटी. जगातली पहिली पशुवैद्यक शाळा फ्रान्समध्ये लिओंला 1761 मध्ये निघाली, ती काढणारा क्लोद बुर्जला हा अश्वारोहण शिकवणारा माणूस. भारतात 1862 मध्ये पुण्याला सैन्याची पशुवैद्यक शाळा सुरू झाली ती रिसाल्याच्या घोड्यांसाठी. मुंबईचं परळचं महाविद्यालय 1886 चं. नागपूरचं 1958 चं, आणि तोवर काळ पालटला होता. दुधाला महत्त्व आलं, टांगे उतरणीला लागले, अभ्यासक्रम गाईकडे वळला. वळायलाच हवा होता. पण घोड्याभोवतीची जी आधाराची व्यवस्था होती, ती सैन्याबरोबर मेरठला आणि शर्यतींबरोबर महालक्ष्मी-पुण्याला राहिली. 2025 मध्ये सैन्याच्या रिमाउंट अँड व्हेटरिनरी कोअरच्या मेरठच्या केंद्राला घोड्यांसाठीचं रोगमुक्त क्षेत्र म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली, म्हणजे आपले खेळाचे घोडे परदेशी जायला मोकळे झाले. चांगलंच झालं. त्याच देशात उमरेडच्या घोडीला धनुर्वाताची लस कोणी टोचायची, हे मात्र ठरलेलं नाही. आणि धनुर्वाताला सर्वांत लवकर बळी पडणाऱ्या पाळीव जनावरांत घोडा पहिला.

इतिहासात आणखी मागे जायचं तर शिवकालीन पागेकडे बघावं. पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद सरकारातून असे. स्वाराने स्वारी करायची, पाणी आणि नाल यांची चिंता राज्याने वाहायची. बारगिराला घोडा सरकारचा, म्हणून घोड्याच्या जिवाची जबाबदारीही सरकारची. शिलेदार स्वतःचा घोडा आणि स्वतःची हत्यारं घेऊन यायचा, नफा-तोटा त्याचा. तालुक्याच्या पशुवैद्यकाची नोकरी बारगिराची आणि जोखीम शिलेदाराची करून ठेवली आहे. पगार सरकारचा, हुकूम सरकारचा. पण नळी स्वतःच्या पैशाची, पेट्रोल स्वतःचं, सल्ला स्वतःच्या ओळखीचा आणि लाथ बसली तर हाडही स्वतःचंच.

लाथेवरून आठवलं. ग्लासगो विद्यापीठाच्या एका पाहणीत ब्रिटनमधल्या अश्ववैद्यकांबद्दल असं निघालं की तीस वर्षांच्या कारकिर्दीत एकेकाला काम थांबवावं लागेल अशा सात-आठ दुखापती होतात. अमेरिकेत तर 2022 मध्ये अश्ववैद्यकांच्या संघटनेला खास आयोग नेमावा लागला, कारण या शाखेत येणाऱ्यांपैकी निम्मे पाच वर्षांच्या आत बाहेर पडत होते. पैशाची चणचण नसलेल्या देशातली ही अवस्था. तिथे उपाय म्हणून ज्या गोष्टी पुढे आल्या त्यांत पगाराइतकंच महत्त्व रात्रीची तातडीची पाळी चार दवाखान्यांनी मिळून वाटून घेण्याला आहे. एकट्याने रोज रात्री जागं राहणं माणसाला मोडतं, हे त्यांनी मान्य केलं. आपल्याकडे मोडलेला माणूस बदलीचा अर्ज करतो आणि आपण त्याला कामचुकार म्हणतो.

पण कामचुकार नसतातच का? असतात. हा विरोधकांचा दुसरा मुद्दा आणि तो मी आतल्या माणसाच्या अनुभवाने मान्य करतो. मुख्यालयी न राहणारे, घोड्याचं नाव काढताच ‘नागपूरला न्या’ म्हणून मोकळे होणारे, पर्यवेक्षकाला पुढे करून स्वतः मागे राहणारे मी पाहिले आहेत. आमच्या संघटनांनीही वेतनश्रेणी आणि बदल्यांसाठी जेवढा घसा कोरडा केला, तेवढा साधनं आणि प्रशिक्षणासाठी केलेला नाही. मग आधार द्यायचा म्हणजे अशांना आणखी एक सबब द्यायची का? मला उलट वाटतं. आज कामचुकार आणि अडलेला यांच्यात फरक करण्याचं मोजमापच आपल्याकडे नाही. दोघांचंही घोडं मरतं, दोघांनाही तीच नोटीस. विचारायला यंत्रणा असेल, साधन असेल, कॉलची नोंद असेल, तरच कोणी विचारलं आणि कोणी विचारलंच नाही हे उघडं पडेल. नालायकाला सर्वांत जास्त आडोसा मिळतो तो व्यवस्थेच्या अभावाचा.

तिसरा मुद्दा, घोडेवाले धंदा करतात, त्यांनी खासगी डॉक्टर गाठावा. एका वरातीचे ते चांगले पैसे घेतात, हेही खरं. पण तो पैसा चार महिन्यांचा, चंदी बारा महिन्यांची. आणि दूधवाला धंदा करत नाही का? त्याच्या गाईला सरकारी दवाखाना चालतो, तर हाच नियम घोड्याला का नाही? शिवाय खासगी अश्वतज्ज्ञ आहेत कुठे? शर्यतींच्या घोड्यांभोवती मुंबई-पुण्याला. शुल्क जरूर लावा, पण ज्याचे पैसे मोजायचे ती सेवा विदर्भात आधी असू तर द्या.

राहिली बंदीची मागणी. भर दुपारी, डीजेसमोर, तापल्या डांबरावर घोडी उभी करू नये, याला कोणाचाच आक्षेप नसावा. तसा नियम करा आणि पाळा. पण बंदीने डॉक्टरची गरज संपते ही समजूत मला कळत नाही. मुंबईच्या व्हिक्टोरिया गाड्या उच्च न्यायालयाने 2015 मध्ये बेकायदा ठरवल्या. निकाल गाड्यांचा होता. घोड्याला पोट, खूर आणि दात तसेच राहतात. घोडा पंचवीस वर्षं जगतो, त्याच्या दाढा झिजून धारदार कडा येतात आणि त्या कानशीने घासल्या नाहीत तर त्याला चावता येत नाही. कामावरून उतरलेल्या घोड्याला तर कमावता मालकही उरत नाही. त्याच्यासाठी बंदीवाल्यांनी सर्वांत आधी मागायला हवा तो दवाखाना.

तेव्हा मागायचं काय? माणसांच्या बाबतीत आपण हे आधीच केलं आहे. ई-संजीवनीवरून प्राथमिक आरोग्य केंद्रातला डॉक्टर मोठ्या रुग्णालयातल्या तज्ज्ञाला रुग्ण दाखवतो आणि त्यात कोणाला कमीपणा वाटत नाही. देवीनंतर जगातून हद्दपार झालेला दुसरा रोग बुळकांडी. भारतात त्याविरुद्ध 1954 पासून राष्ट्रीय मोहीम चालली आणि 2006 मध्ये देश त्यातून मुक्त ठरला. ते काम आमच्याच आधीच्या पिढ्यांनी केलं, सायकलवर, पायी. पण त्या माणसामागे लस होती, बर्फाची पेटी होती, प्रयोगशाळा होती, वरून येणारा तपासनीस होता. नुसत्या शूरपणावर बुळकांडी गेली नसती.

महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचं मुख्यालय नागपुरात, महाविद्यालय नागपुरात, त्याचं रुग्णालय नागपुरात. तिथे घोड्यांसाठी सल्ल्याचा एक फोन ठेवावा, ज्यावर तालुक्याचा डॉक्टर चित्र दाखवून बोलू शकेल. ‘1962’ या पशुसेवेच्या फोनवर येणाऱ्या फिरत्या पथकांपैकी जिल्ह्यातल्या एका तरी गाडीत घोड्याची पेटी असावी: जठराची नळी, दातांची कानस, खूर तपासायचा चिमटा, धनुर्वाताची लस आणि प्रतिविष, गाई-घोड्याच्या मात्रा शेजारी शेजारी लिहिलेला एक कागद. वर्षातून एकदा तालुक्यांतल्या डॉक्टरांना आठवडाभर घोड्यांवर प्रत्यक्ष हात चालवायला मिळावा. सैन्याची, पोलिसांची मदत त्यासाठी मागता येते. आणि नालबंदांना विसरू नका. खिळा खुरातल्या पांढऱ्या रेषेच्या आत गेला की लंगडेपणा, पू आणि पुढे धनुर्वात. आज खेड्यांत नाल मारणारे उरलेत ते बापाकडून शिकलेले, त्यांनाही बोलवा, आणि त्यांच्याकडून डॉक्टरांनी शिकावं असंही बरंच आहे. ग्लँडर्सचा अहवाल बाधित आला तर मालकाच्या दारात डॉक्टरबरोबर महसूल आणि पोलीस खात्याचा माणूस उभा असावा, भरपाईचा अर्ज त्याच भेटीत भरला जावा. जनावर दगावलं तर शवविच्छेदन होऊन दोन जाणकारांनी काय घडलं ते लिहावं, नोटीस काढायची की नाही हे त्यानंतर ठरवावं.

यातलं सगळ्यात अवघड काम फोनचं आहे. तो बसवणं सोपं, अडतं ते रात्री दोन वाजता उचलण्यावर. विद्यापीठातल्या प्राध्यापकाने ही पाळी सेवाभावाने करावी असं म्हणून जर कोणी योजना जाहीर केली, तर सहा महिन्यांत तो नुसता वाजणारा नंबर होईल. असे नंबर आपल्या दवाखान्यांच्या भिंतींवर कमी नाहीत. ती पाळी कामाच्या तासांत धरली पाहिजे, तिचा भत्ता मिळाला पाहिजे आणि ती पदोन्नतीच्या कागदात दिसली पाहिजे. पशुसंवर्धन खातं आणि विद्यापीठ यांच्यात हा भत्ता कोणाच्या खात्यातून निघायचा, यावरच घोडं अडेल अशी मला दाट शंका आहे. तुळशीचं लग्न लागलं की मुहूर्त सुरू होतात. त्याच्या आत या दोघांनी एका टेबलाशी बसून तेवढं एक ठरवावं.